चीज विकतच आणा, साय मात्र साठवा

गेल्या अंकात घरखर्चाबद्दल लिहिताना मी एका ओळीत म्हटलं होतं की, विकत आणतो त्यातले आंबवलेले पदार्थ घरी केले तर महिन्याचा हिशेब बराच सैल होतो. त्या ओळीवर बरीच पत्रं आली. त्यातली काही या वेळी घेतली आहेत. बहुतेक ठाण्याची आणि नवी मुंबईची आहेत, म्हणून भाव मी आमच्या पाचपाखाडी-नौपाड्यातल्या दुकानांचे धरलेत. तुमच्याकडे पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील. माझी नोकरी डेअरीच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे दूध म्हटलं की माझं लक्ष आधी फॅट आणि आम्लता यांच्याकडे जातं. पण खाली जे लिहिलंय ते सगळं घरच्या ओट्यावर होणारं आहे.

काकू, दोन्ही मुलांना डब्यात चीज सँडविच लागतं आणि शनिवारी पिझ्झा. चीजवर महिन्याला हजारभर रुपये जातात. व्हिनेगर घालून घरी मोझरेला करतात तो व्हिडिओ पाहिला आणि करून बघितलं. खोक्यातलं दूध आणलं, चांगलं उकळून घेतलं. झालं काय, तर पनीरचा चुरा. ताणायला गेलं की तुटतो. चुकलं कुठे? आणि जमलं तर पैसे वाचतील ना?
*घोडबंदर रोडवरून एक आई*

आधी पैशांचं सांगते, कारण ते ऐकल्यावर तुम्ही कदाचित मोझरेलाचा नाद सोडाल. नाही वाचणार.

एक लिटर फुल क्रीम दूध सत्तर रुपयांच्या आसपास. त्यातून घरी मोझरेला निघतं १०० ते १२० ग्रॅम. म्हणजे किलोला सहाशे ते सातशेच्या आसपास पडलं, गॅस आणि व्हिनेगर वेगळं. मोझरेलाचं किलोचं मोठं पाकीट साधारण त्याच भावात किंवा थोडं खालीच मिळतं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा घरी करण्यात वाचण्यासारखं आणखीच कमी उरलं. कारखान्याला ते परवडतं, कारण चीजमधून निघालेलं पाणी तिथे मोरीत जात नाही. त्याची पावडर होते, ती बिस्किटांत, बाळांच्या आहारात, व्यायाम करणाऱ्यांच्या प्रथिनांच्या डब्यांत जाते आणि चांगल्या भावाने विकली जाते. आपल्या घरी त्या पाण्याची कणीक मळून होते, तेवढीच.

आता तुमच्या चुऱ्याचं. तुमच्या हातात दोष नाही, दुधात आहे. खोक्यातलं टिकाऊ दूध १३५ अंशांच्या वर तापवलेलं असतं. इतक्या उष्णतेने दुधातली पाण्यात विरघळणारी प्रथिनं उलगडतात आणि केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटून बसतात. मग केसीनचे धागे एकमेकांना धरत नाहीत आणि ताण येत नाही. तुम्ही ते वर उकळलंत, म्हणजे राहिलंसाहिलं तेही गेलं. उकळलेल्या दुधाचं पनीर छान होतं, मोझरेला होत नाही. टोन्ड दुधाचंही सहसा फसतं, कारण त्यात बहुतेक वेळा दूध पावडर मिसळलेली असते आणि ती आधीच तापून आलेली असते.

तरीही मुलांसोबत एकदा गंमत म्हणून करायचं असेल तर जरूर करा, मुलं खूश होतील. पिशवीतलं ताजं फुल क्रीम दूध घ्या, उकळू नका. हाताला चांगलं गरम लागेल पण बोट ठेवता येईल इतपत, म्हणजे ४५ अंशांपर्यंत तापवा आणि व्हिनेगर थोडं थोडं घाला. दही आणि पाणी वेगळं झालं की लगेच थांबा. आंबटपणा एका ठरावीक टप्प्यावर असतानाच ते ताणलं जातं. व्हिनेगर जास्त झालं की पुन्हा चुराच. मग गोळा खूप गरम पाण्यात बुडवायचा, दाबायचा, दुमडायचा. पण हा रविवारचा उद्योग आहे, काटकसर नव्हे.

काटकसर करायची तर मोठं पाकीट आणा, घरी आल्या आल्या किसा, आठवड्याला लागतील तशा पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेलं मोझरेला कच्चं खायला तितकं छान लागत नाही, पण पिझ्झ्यावर वितळताना काही फरक पडत नाही.

आणि सँडविचला चीजच्या जागी चक्का लावून बघा. माझं सगळ्यांत जास्त सांगणं याच्यासाठी आहे. फुल क्रीम दुधाचं घट्ट दही लावा आणि टांगा. एक किलो दह्यातून ४०० ग्रॅमच्या आसपास चक्का निघतो. त्यात शंभर ग्रॅमला चिमूटभर मीठ, मिरपूड, आवडत असेल तर बारीक चिरलेली कोथिंबीर. दुकानात क्रीम चीज म्हणून २०० ग्रॅमची जी डबी शंभराच्या कितीतरी वर मिळते, ती तुम्हाला पस्तीस-चाळीस रुपयांत पडली. आधी दही आंबलं, मग त्यातलं पाणी गळलं, हेही चीजच आहे. श्रीखंडापुरताच चक्का करायचा अशी आपल्याला सवय लागली आहे, ती मोडा.

एक काळजी घ्या. खिळ्याला किंवा नळाला पुरचुंडी टांगून रात्रभर ठेवायचे दिवस आपल्या हवेत फक्त डिसेंबर-जानेवारीचे. एरवी, विशेषतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, पहिला तासभर बाहेर टांगा, पाण्याची धार थांबून थेंबांवर आली की पुरचुंडी चाळणीत, चाळणी पातेल्यावर, वर ताटली आणि सगळं फ्रिजमध्ये. सकाळी चक्का गोड निघतो. बाहेर ठेवलात तर दाताला लागेल इतका आंबट होतो आणि मग मुलं तोंड फिरवतात. आठवडाभर चांगला राहतो, चमचा मात्र कोरडा घालायचा.

मग निदान पनीर तरी घरी करावं की नाही? बाहेरच्या पनीरबद्दल काय काय ऐकू येतं.
*नेरुळहून एक वाचक*

करावं, पण बचतीसाठी नव्हे, भरवशासाठी. एक लिटर फुल क्रीम दुधातून १८० ते २०० ग्रॅम पनीर पडतं. पाकिटाच्या तुलनेत पंधरा-वीस रुपये सुटतात, त्यातले काही गॅसला जातात. वर पाकीटबंद पनीरवरचा ५ टक्के जीएसटीही त्याच सप्टेंबरपासून गेला. पण सुटं पनीर घेत असाल तर गोष्ट वेगळी आहे. दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल घालून केलेला पदार्थ विकायला बंदी नाही, फक्त तो पनीर म्हणून विकता येत नाही, पाकिटावर तसं लिहावं लागतं. सुट्या लादीवर कुठलं आलंय लिहिलेलं? आयोडीनचा थेंब टाकून बघतात त्याने पिठाची भेसळ कळते, पनीर निळं-काळं होतं. तेलाची मात्र अजिबात कळत नाही, तेव्हा रंग बदलला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

घरी करताना लिंबापेक्षा मला सायट्रिक अ‍ॅसिड बरं वाटतं, लिंबाचा आंबटपणा रोज वेगळा असतो. लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे लहान चमचा अर्धा, कपभर गरम पाण्यात विरघळवून घ्या. दूध उकळलं की गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग ते पाणी हळूहळू घाला. हिरवट-पिवळं नितळ पाणी दिसलं की उरलेलं आम्ल घालायचं नाही. खळाळत्या उकळीत घातलंत की पनीर रबरासारखं होतं. तो हिरवट रंग दुधातल्या जीवनसत्त्वाचा आहे, घाबरू नका.

त्या पाण्याचं रिकोटा चीज होतं का, असंही तुम्ही विचारलंय. पनीरच्या पाण्याचं नाही होत. दूध उकळून फाडलं की पाण्यात विरघळणारी प्रथिनंही पनीरबरोबरच खाली बसतात, पाण्यात फारसं काही उरत नाही. रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विकर, घालून केलेल्या चीजच्या पाण्याचं होतं. तुम्ही कणीक मळा, आमटीत घाला.

सायीचं तूप करते, पण दोन तक्रारी. साय महिनाभर साठवली की तुपाला कडवट वास येतो. आणि पिशवीच्या दुधाला पूर्वीसारखी साय येत नाही. एवढा खटाटोप करून परवडतं का?
*कळव्याहून एक गृहिणी*

ताई, परवडतं. घरात आंबवून करण्यासारखं जे जे आहे, त्यात सगळ्यांत जास्त पैसे सायीत आहेत, म्हणून तुमच्या पत्राला सविस्तर उत्तर देते.

हिशेब असा. फुल क्रीम दुधात फॅट ६ टक्के. लिटरला ६० ग्रॅम. रोज लिटरभर दूध घेत असाल तर महिन्याला १८०० ग्रॅम फॅट घरात येतं. दूध तापवून, गार करून, फ्रिजमध्ये ठेवून वरची साय काढली तर साधारण निम्मं फॅट सायीबरोबर निघतं. म्हणजे पाऊण किलो ते नऊशे ग्रॅम तूप. बाहेर साजूक तूप किलोला सहाशे-सातशेच्या घरात आहे. आणि खाली उरलेलं दूध वाया गेलेलं नाही, त्यात सुमारे ३ टक्के फॅट आहे, म्हणजे ते टोन्ड दुधासारखं झालं. चहाला, दह्याला, मुलांना प्यायला ते उत्तम. (टोन्ड दूध ही आपल्या मुंबईचीच कल्पना. आरे दूध वसाहत उभी करणारे दारा खुरोडी यांनी ती अमलात आणली. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मिळाला होता. आमच्या पिढीतल्या डेअरीवाल्यांना त्यांच्याबद्दल फार आदर आहे, म्हणून सांगितलं.)

साय कमी येते त्याचं कारण पिशवीवर वाचा. होमोजिनाइज्ड असं लिहिलेलं असेल तर त्या दुधातले फॅटचे गोळे फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. तसलं दूध चहाला छान, सायीला उपयोगाचं नाही. त्याच भावात ज्यावर तसं लिहिलेलं नाही अशी फुल क्रीम पिशवी किंवा म्हशीचं दूध मागा. आणि दूध तापलं की लगेच ढवळू नका, झाकणही घट्ट ठेवू नका. अर्धवट झाकण ठेवून गार होऊ द्या आणि मग रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी जाड भाकरीसारखी साय उचलून येते.

कडवटपणा हा साठवण्याचा दोष आहे. फ्रिजच्या थंडीतही वाढणारे काही जंतू असतात. ते सायीतलं फॅट हळूहळू फोडतात आणि महिनाभराने वास येतो. विरजण आधीच लावून ठेवलं तर साय आणखी आंबते. म्हणून साय फ्रीझरमध्ये ठेवा, विरजणाशिवाय. रोजची साय त्याच डब्यात वर टाकत जा. पंधरा दिवसांनी डबा बाहेर काढा, वितळू द्या, पातेल्यात ओतून अगदी कोमट करा आणि दोन चमचे चांगलं दही घालून ढवळा. रात्रभरात साय दह्यासारखी लागते आणि खमंग आंबूस वास येतो. घरच्या तुपाचा खरा स्वाद याच आंबण्यातून येतो. न आंबवलेल्या सायीचं तूप रंगाने तसंच दिसतं, पण वरणभातावर घातल्यावर फरक लगेच कळतो.

घुसळण्याआधी ती तासभर फ्रिजमध्ये गार करा. उन्हाळ्यात तर बर्फाचं पाणी घालूनच घुसळा, नाहीतर लोणी गोळा होत नाही, पातेल्याच्या कडेला तेलकट चोपडं लागून राहतं. आधी साय घट्ट होते, मग रवाळ दिसते, मग एकाएकी रवीचा आवाज बदलतो आणि ताक सुटतं. मिक्सरमध्ये करत असाल तर थांबत थांबत फिरवा, मोटरच्या उष्णतेने लोणी वितळतं. लोणी दोन-तीनदा गार पाण्याने धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. आत ताक राहिलं तर कढवताना फेस फार येतो आणि बेरी लागते. कढवायचं मंद आचेवर. तडतड आवाज थांबला, बेरी बदामी झाली आणि तळ स्वच्छ दिसायला लागला की बंद. आमच्याकडे त्या वेळी विड्याचं पान टाकतात, पान कुरकुरीत झालं की तूप झालं.

लोण्याखालचं ताक फेकू नका. तेही आंबवलेलंच आहे. त्याची कढी करा, ढोकळ्याचं पीठ त्यात भिजवा, नाचणीची आंबील करा. त्या आठवड्यात दह्याची पिशवी आणायला लागत नाही, ते पैसे वेगळे.

आम्ही दोघं ऐरोलीला आयटीत. इडलीचं पीठ नेहमी विकत. घरी केलं तर मे महिन्यात पातेल्याबाहेर आलं आणि जानेवारीत हललंच नाही.

बाहेरच्या किलोभर पिठाला नव्वद-शंभर रुपये देता. ३०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम उडीद डाळ, चमचाभर मेथ्या आणि पाणी मिळून घरी जवळजवळ तेवढंच पीठ होतं. सामान तीस-पस्तीस रुपयांचं. आठवड्याला एकदा केलंत तर महिन्याचा फरक तुम्हीच मांडा.

तुमचा घोळ हवेचा आहे. उडीद डाळीवरचे जंतू पीठ आंबवतात, वेगळं विरजण लागत नाही. पण त्यांना ऊब हवी. मे महिन्यात आपल्याकडे सहा-सात तासांत काम होतं, तेव्हा रात्री आठला वाटून सकाळी आठपर्यंत ठेवू नका. झोपायला जाताना वाटा, मोठं पातेलं घ्या आणि ते अर्धंच भरा. जानेवारीत बारा-चौदा तास धरा. ओव्हन असेल तर तो न लावता फक्त आतला दिवा लावून त्यात ठेवा, नसेल तर बंद कपाटात. डाळ तांदळाबरोबर वाटू नका. वेगळी वाटा, गार पाण्यात, हलकी फुगेपर्यंत, कारण हवा धरून ठेवण्याचं काम उडदाच्या चिकटपणाचं आहे. आणि वाटल्यावर हाताने ढवळा, हाताची ऊब पिठाला मानवते.

फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. पहिले दोन दिवस इडल्या, मग डोसे, शेवटचं आंबट झालेलं कांदा-मिरची घालून आप्प्यांना. त्यातून तुम्ही कोकणातले असाल तर आंबोळ्यांना काही शिकवायला नको.

वाशीच्या बाजारातून थंडीत कोबी स्वस्त येतो. किमची किंवा जर्मन पद्धतीचा आंबवलेला कोबी घरी टिकेल का? आपल्याकडे इतकं गरम असतं.
*सानपाड्याहून एक वाचक*

टिकेल, पण बाहेर नाही. थंड देशांत तो १८-२० अंशांना आठवडे लावून आंबवतात. आपल्याकडे तीस अंशांत तीन-चार दिवसांत आंबून तयार होतो, आणि पुढे तसाच बाहेर राहिला तर मऊ पडून उग्र वास मारतो. म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज चाखा, आंबटपणा आवडला की फ्रिजमध्ये.

मीठ अंदाजाने घालू नका, वजन करा. चिरलेल्या कोबीच्या एका किलोला २० ग्रॅम, उन्हाळ्यात २५. मीठ कमी झालं तर कोबी सडतो, फार झालं तर आंबतच नाही. हाताने चांगला चुरा, दहा मिनिटांत त्याला स्वतःचंच पाणी सुटतं. बरणीत दाबून भरा, पाणी कोबीच्या वर यायलाच हवं. वर कोबीचं एक आखं पान, त्यावर पाण्याने भरलेली लहान बाटली ठेवली की तुकडे तरंगत नाहीत. बरणी पाऊणच भरा, खाली ताटली ठेवा, झाकण सैल. आत वायू तयार होतो, झाकण घट्ट लावलं तर काच फुटू शकते. किमचीसाठी ब्याडगीची पूड घ्या, रंग येतो आणि जाळत नाही. परदेशी तिखट मागवलंत तर कोबीच्या दसपट पैसे त्यालाच जातील.

पण आधी पावकिलोच करा. घरात आवडीने खाणारं कुणी नसेल तर तीन किलो कोबी स्वस्त मिळाला म्हणून आंबवण्यात काही अर्थ नाही. आणि रक्तदाब असलेल्यांनी हे चमचा-दोन चमचेच खावं, मीठ त्यात भरपूर असतं.

मिठाच्या पाण्यातल्या गाजर-मिरचीवर पांढरी साय धरली आहे. टाकून देऊ?

सपाट, पांढरी, सुरकुतलेली आणि वास नेहमीसारखा आंबूस असेल तर ती यीस्टची साय आहे. काढून टाका, बरणी फ्रिजमध्ये ठेवा, लवकर संपवा. लव असलेली, हिरवी, काळी किंवा गुलाबी असेल तर ती बुरशी, आणि मग वरचं काढून खालचं वाचवायचा मोह नको. सगळी बरणी टाका. जुलैच्या दमट हवेत हे फार होतं. भाजी पाण्याखाली बुडालेली नसणं हेच बहुतेक वेळा कारण असतं.

तबेल्यातून निरसं दूध मिळतं. चीजसाठी ते न तापवता वापरावं असं एका ठिकाणी वाचलं, तापवलं की त्यातलं चांगलं मरतं म्हणे.
*कोलशेतहून*

नका वापरू. हे मी फार कळकळीने लिहिते आहे. निरशा दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, आणि गुरं वरून अगदी धडधाकट दिसत असतात. दह्याला, पनीरला दूध उकळून घ्या, पदार्थात काडीचा फरक पडत नाही. ज्याला न उकळलेलंच दूध हवं असं काही करायचं असेल तर पातेल्यात पातेलं ठेवून ६३ अंशांवर पुरी ३० मिनिटं धरा आणि लगेच थंड पाण्यात गार करा. त्याला थर्मामीटर लागतो, अंदाजाचं काम नाही. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर हा विषय इथेच थांबवा.

सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवला तर महिनाभर टिकतो का?

टिकलेला दिसतो, म्हणूनच धोका. लसूण मातीतला. त्यावर बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. तेलाने हवा बंद झाली, आंबटपणा नाही, की त्यांना हवं ते सगळं मिळालं, आणि त्यांच्या विषाला वास नाही की चव नाही. तेलातला लसूण फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवायचा. महिनाभर ठेवायचा तर त्याचं लोणचं घाला, भरपूर लिंबाचा रस आणि मीठ घालून.

माझी आई मालवणला खारातल्या कैऱ्या घालायची. गणपतीपर्यंत पुरायच्या. ती आता नाही, प्रमाण कुणालाच विचारून ठेवलं नाही. फ्लॅटमध्ये जमेल का?
*वर्तकनगरहून एक काका*

जमेल, काका. एप्रिलच्या शेवटी जांभळी नाक्याला लहान, कडक, बाठा न धरलेल्या कैऱ्या येतात त्या बघा. देठ असलेल्याच निवडा, देठाशी चिरलेली किंवा खाली पडून मार लागलेली एकही नको. एक नासली की पूर्ण बरणी जाते. धुऊन, पुसून, कापडावर पसरून पूर्ण कोरड्या करा.

प्रमाण मी वजनावर सांगते, म्हणजे कुणाच्या हाताच्या मुठीवर अवलंबून राहायला नको. एक लिटर पाण्याला १२० ग्रॅम खडे मीठ. पाणी मिठासकट उकळून पूर्ण गार करा, फडक्यातून गाळा, खड्यांची माती खाली बसते. चिनी मातीची किंवा काचेची बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात तापवा. पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, मीठ आणि आंबट दोन्ही त्याला खातात. कैऱ्या भरा, पाणी बोटभर वर येईल इतकं ओता आणि वर काहीतरी वजन ठेवा. पूर्वी नदीतला गुळगुळीत दगड ठेवत. तुम्ही लहान काचेची वाटी उपडी घाला, ती बरणीच्या तोंडाखाली अडकून कैऱ्या दाबून धरते. तोंडाला दादरा बांधा आणि वर झाकण ठेवा.

फ्लॅटमध्ये अडचण एकच, जागा. ओट्याखाली गॅसच्या सिलिंडरशेजारी ठेवू नका, तिथे गरम होतं. उत्तरेकडच्या खोलीत, पलंगाखाली, जमिनीवर ठेवा. पहिल्या आठवड्यात पाणी थोडं गढूळ होईल, बुडबुडे दिसतील, ते व्हायलाच हवं. कैऱ्यांचा हिरवा रंग जाऊन शेवाळी पिवळा झाला आणि साल सुरकुतली की मुरल्या. साधारण महिना लागतो. काढताना हात घालू नका, कोरडा लाकडी डाव ठेवा.

पावसाळ्यात भाजी महाग होते तेव्हा त्यातली एक काढा, तासभर साध्या पाण्यात ठेवा, गर सोडवा आणि ओलं खोबरं, हिरवी मिरची, थोडा गूळ घालून वाटा. चटणीत मीठ मात्र चाखल्याशिवाय घालू नका, बहुतेक वेळा लागतच नाही.